श्वानाची विलायतयात्रा

फुलसावंगीच्या एखाद्या कुटुंबानें घरच्या कुत्र्यासह विमानानें विलायतेस जावयाचें ठरविलें, तर कायदा विमानाचा वेग पाहत नाहीं, रोगाची संथ गति पाहतो. पिसाळण्याचें विष शरीरांत कित्येक महिने गुप्त राहूं शकतें. १९०२ सालीं ब्रिटन त्यांतून मुक्त झालें. पण १९१८ सालीं रोग पुन्हां शिरला व १९२२ पर्यंत हटला नाहीं. म्हणूनच परदेशी कुत्र्यास सहा महिने कोंडून ठेवण्याचा नियम कायम राहिला. ८ जून १९४८ रोजीं एअर-इंडियाचें पहिलें विमान मुंबईहून लंडनकडे निघालें. माणसांचा प्रवास आठवड्यांवरून दिवसांवर आला. कुत्र्याची कोठडी तशीच राहिली. २०१२ पासून भारतांतून जाणाऱ्या कुत्र्यास मुख्य अटी अशा: चिप, लस, निदान तीस दिवसांनीं रक्तपरीक्षा आणि तेथून तीन महिने प्रतीक्षा. प्रतीक्षा संपली नाहीं. मात्र ती आतां घरींच, धन्याच्या पायाशीं होते.