सावरडो खमीर (घरगुती)

पीठ व पाणी कालवून, बाहेरचे यीस्ट न घालता वाढवलेले जिवंत खमीर. गव्हाच्या कोंड्याबरोबर येणारी रानटी यीस्ट पाव फुगवतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू त्याला आंबूसपणा देतात व बुरशी लागणे लांबवतात.

भारतात याचे जवळचे नाते गोव्यातील पोदेरांच्या (पाववाल्यांच्या) जुन्या पावाशी आहे. तेथे पीठ माडाच्या सुरेने फुगवत. बंगळुरूची वाट वेगळी. चिकपेटेत १८९८ मध्ये सुरू झालेल्या बी. बी. बेकरीपासून अय्यंगार बेकऱ्यांची ओळख मऊ, बिनअंड्याच्या पदार्थांची राहिली. म्हणून बंगळुरूत सावरडो शिकणाऱ्याला खरा आधार घरच्या इडलीच्या पिठाचा असतो. आंबवण ओळखण्याची नजर त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र सुरुवातीला तीच नजर चकवते.

इडलीचे पीठ एका रात्रीत फुगते ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक जीवाणूंच्या वायूमुळे. गव्हाच्या खमिरातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशाच जीवाणूंमुळे उसळी येते आणि खमीर तयार झाले असे वाटते. पुढे आम्लता वाढली की हे जीवाणू मागे पडतात. बरणी दोन-चार दिवस निपचित दिसते. नवशिके बहुतेक वेळा याच टप्प्यावर ते फेकून देतात, आणि ही फार मोठी हानी आहे, कारण आम्ल सोसणारी यीस्ट याच काळात हळूहळू वाढत असतात. एरवी वर साचणारे करडे पाणी भुकेचे लक्षण. ते ओतून टाकावे. गुलाबी-नारिंगी छटा किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळेच टाकावे.

सुरुवात ५० ग्रॅम कणीक व ५० ग्रॅम पाणी यांनी होते. नळाचे पाणी उकळून गार केलेले बरे. क्लोरिन जीवाणूंना मानवत नाही. रोज ५० ग्रॅम खमीर ठेवून त्यात तेवढेच पीठ व पाणी मिसळायचे. उसळी बसल्यावर काढलेला भाग धिरड्यात खपतो. खमीर दोन-तीन दिवस सलग, पीठ दिल्यावर चार ते आठ तासांत दुप्पट होऊ लागले की पावाला चालते. बहुधा एक-दोन आठवडे जातात.

पहिल्या पावासाठी ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम खमीर व १० ग्रॅम मीठ पुरते. परदेशी कृतींतले जास्त पाणी आपल्या मैद्याला अनेकदा झेपत नाही, कारण त्या कृती अधिक प्रथिनांच्या ब्रेड-पिठासाठी लिहिलेल्या असतात.

घड्याळापेक्षा पिठावर विश्वास ठेवावा. बंगळुरूत एप्रिलची दुपार ३४° से.च्या आसपास जाते, जानेवारीची रात्र १६° से.पर्यंत उतरते, त्यामुळे एकच पीठ उन्हाळ्यात चार तासांत, तर थंडीत त्याच्या दुप्पट किंवा अधिक वेळाने तयार होते. ते दीडपट झाले की गोळा वळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी २३०° से.वर, आधीच तापवलेल्या जड झाकणाच्या भांड्यात २० मिनिटे झाकून व साधारण तेवढाच वेळ उघडा भाजावा. झाकणाखाली कोंडलेली वाफ साल लवकर कडक होऊ देत नाही, म्हणून पाव पुरता फुलतो. कापण्याआधी तासभर तरी निवू द्यावा, नाहीतर गाभा चिकट लागतो.

रोज पाव होणार नसेल तर खमीर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ-पाणी दिले तरी चालते.