सावंतवाडीच्या गंजिफा : पानं राहिली, डाव गेला



आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलेला बेळगावकर रिकाम्या हाताने परत येत नाही. मोती तलावाला एक फेरी मारायची, चितार आळीत शिरायचं आणि लाकडी फळांची परडी नाहीतर पोरींसाठी भातुकली घेऊन यायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. अंगठ्याएवढं वांगं, बोटभर केळं, खरं वाटेल असं सीताफळ. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या काचेच्या कपाटात ही फळं अजून बसलेली असतील.

पण याच गावच्या, याच चितारी मंडळींच्या हातची दुसरी एक वस्तू फार थोड्या घरांत पोहोचली. ती म्हणजे गंजिफा. हाताने रंगवलेले गोल पत्ते. आज त्यांच्याविषयीच लिहितोय.

दशावतारी गंजिफेचा संच 120 पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची 12 पानं. त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पानं. राजाच्या पानावर खुद्द अवतार, आणि बाकीच्या पानांवर त्याची खूण. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू वगैरे. खुणा गावागणिक थोड्या बदलतात. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे हातात पान आलं की रंगावरूनच घराणं कळतं.

आता मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे चित्र बघायच्या आधी बेरीज करतो. एक ते दहाची बेरीज 55. म्हणजे एका अवताराच्या पानांवर 55 खुणा, दहा अवतारांच्या मिळून 550. शिवाय राजा आणि प्रधानांची 20 चित्रं, तीही मखर, छत्र, सेवक यांच्यासकट. हे सगळं तळहातात मावेल एवढ्या गोलांवर आणि बारीक कुंचल्याने. दहाव्या पानावर दहा मासे काढायचे तर प्रत्येक मासा केवढा राहील बघा! आणि सगळे सारखे दिसले पाहिजेत, कारण खेळणाऱ्याला नजर टाकताक्षणी मोजता आले पाहिजेत.

रंगवणं ही तर पुढची गोष्ट. जुन्या पद्धतीत आधी पान तयार करायला लागायचं. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, वाळवायचं, गोल कापायचं, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं. मग रंग, आणि शेवटी लाखेचा हात. लाखेमुळे पान चकचकीत व्हायचं, घाम लागला तरी टिकायचं आणि वाटताना एकमेकांवरून सुळकन सरकायचं. चितारी लोक लाकडावर लाखकाम करणारेच, त्यामुळे ही विद्या त्यांच्या घरचीच होती.

खेळ मुळात आपला नव्हे, इराणकडून आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या गंजिफेचं वर्णन अबुल फजलने आइन-ए-अकबरीत केलंय. पुढे रूढ झालेला मोगली संच 96 पानांचा, आठ रंगांचा : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. यातला सफेद म्हणजे चांदीचं नाणं, सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं, किमाश म्हणजे व्यापाराचा माल. आणि बरात म्हणजे अमक्याला इतके पैसे द्यावेत असा लेखी हुकूम. मराठी दफ्तरांत हाच शब्द ‘वरात’ म्हणून येतो. वसुलावर वरात काढली, असं जुन्या कागदांत असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिमांड ड्राफ्टचा आजोबा. तिजोरी, नाणी, माल, ड्राफ्ट, सगळी शाखा या पत्त्यांत हजर! तोच खेळ इकडे रुजला तेव्हा दरबाराच्या जागी दशावतार आले. आपल्या लोकांनी खेळ घेतला आणि त्याला आपले देव दिले.

खेळ होता डोक्याचा. तीन जण बसायचे, प्रत्येकाला 40 पानं. हुकूम नाही. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानांनंतर दहावं पान मोठं, मग उतरत एक्क्यापर्यंत. पुढच्या पाच अवतारांत नेमकं उलट, एक्का मोठा आणि दहावं सर्वांत लहान. दिवसा डाव रामापासून सुरू, रात्री कृष्णापासून. कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय जिंकणं कठीण. 120 पानांची खतावणी डोक्यात ठेवायची आणि हातातही 40 गोल पानं सांभाळायची.

इतका जुना खेळ गेला कसा? सरळ हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकात छापील 52 पानी पत्ते आले. यंत्राने छापलेले, स्वस्त, हरवले तर दुसरे आणा. नियम सोपे, पानं हातात पंख्यासारखी धरता येतात. गंजिफेचं एक पान हरवलं तर तेवढं एकच पान रंगवून घ्यायला चितारी शोधायचा. पुढे संस्थानं विलीन झाली आणि दरबारी मागणीही आटली.

इथे एक बारकावा सांगतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न त्यात आहे. पूर्वी गंजिफा दोन प्रतींच्या निघत. दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारी संच बारीक कामाचा, श्रीमंतांसाठी. बाजारी संच झरझर चार फटकाऱ्यांत काढलेला, साध्या माणसाच्या ओसरीवर खेळायचा. हा बाजारी संच वापरून झिजायचा, फाटायचा, म्हणजे पुन्हा मागणी यायची. शिकाऊ पोराचा हातही त्यावरच बसायचा. दरबारी कामाने नाव होतं, पण चूल पेटती ठेवायला बाजारी काम लागतं. छापील पत्त्यांनी खाल्लं ते हे बाजारी काम.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत अशी वेळ आली की ही विद्या नीट येणारे पुंडलिक चितारी हे एकच वयोवृद्ध गृहस्थ उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः त्यांच्याकडून शिकून घेतलं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये काम सुरू केलं, गावातल्या तरुण मुलामुलींना तिथे बसवलं. 1970च्या दशकात सुरू झालेलं हे काम आजही चालू आहे. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या, हे आपल्या बडोदेकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावं. माहेरचं गाव सयाजीरावांचं, तिथली कलेची कदर त्या सासरी घेऊन आल्या असं मला नेहमी वाटतं.

दुसरं नाव रुडॉल्फ फॉन लायडन यांचं. जन्माने जर्मन, मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक. त्यांनी देशभरातल्या गंजिफा जमवल्या, अभ्यासल्या आणि 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या संचांवर पुस्तक लिहिलं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही गंजिफा आहेत. ओडिशात रघुराजपूरला आणि बंगालमध्ये विष्णुपूरला अजून हाताने पानं रंगवतात. आपल्या हैदराबादकरांना निर्मळची खेळणी माहीत असतील. त्या निर्मळलाही एकेकाळी गंजिफा होत. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर 360 पानांपर्यंतचे खेळ रचले होते.

आता थोडं माझ्या खात्यातलं. ऐंशीच्या दशकात माझी बदली तळकोकणातल्या एका शाखेत होती. लाखकाम आणि रंगकाम करणारे एक गृहस्थ कर्ज मागायला आले. अर्जाच्या फॉर्ममध्ये रकाने होते : यंत्रसामग्री, कच्चा माल, मासिक उलाढाल. यंत्रसामग्रीपुढे त्यांनी लिहिलं, कुंचले सहा. वरच्या ऑफिसातून शेरा आला की यंत्रसामग्री नसल्याने उद्योग म्हणून विचार करता येत नाही. शेवटी 4 टक्के व्याजाच्या डीआरआय योजनेतून, दुर्बल घटक म्हणून, छोटी रक्कम मंजूर झाली. एका आसनावर बसून 120 पानं न चुकता रंगवणारा माणूस आमच्या कागदावर ‘दुर्बल’! त्यांनी हप्ता कधी चुकवला नाही. पण मुलगा पुढे गोव्यात हॉटेलात नोकरीला लागला. महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, कोण नको म्हणेल? हिशेबाने त्याचं बरोबरच होतं.

आज परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालंय. राजवाड्यात संच मिळतात, डब्या आणि इतर भेटवस्तूंवरही तीच चित्रं येतात. लोक हौसेने घेतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. चांगलंच आहे. पण भिंतीवरचा संच झिजत नाही. एकदा घेतला की पुढच्या पिढीपर्यंत दुसरा लागत नाही. दरबारी कलम परत आलं, बाजारी कलम आलं नाही. आणि ते यायचं तर आधी खेळणारे हवेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच. सावंतवाडीला गेलात तर संच नुसता बघून किंमत विचारून बाहेर पडू नका. कसा खेळतात ते विचारा आणि चार लोकांना सांगा. मोठा संच परवडत नसेल तर वहीच्या पुठ्ठ्याची गोल पानं कापून नातवंडांबरोबर नियम तरी शिका. ज्याला खेळाची गोडी लागेल तो उद्या हाताने रंगवलेला संच मागेल.

आणि दुसरं. तुमच्या घरच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत सरकत्या झाकणाची लाकडी रंगीत डबी असेल तर उघडून बघा. पानं ओल्या फडक्याने पुसू नका, रंग जाईल. कोरड्या मऊ कापडाने हलकेच झाडा. पानं मोजा. 96 असतील तर मोगली, 120 असतील तर दशावतारी. एखादं पान कमी असलं तरी टाकू नका. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर त्यांना विचारा, तुमच्याकडे डाव कसा मांडत होते, पहिलं पान कोण टाकायचं, हरल्यावर काय द्यावं लागायचं. त्यांनी सांगितलेलं लगेच वहीत उतरवून ठेवा. पानं संग्रहालयात सापडतील, पण घरातल्या डावाची रीत सांगणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत.