केडगावची शिकवण

पनवेलहून रेल्वेने दौंडकडे जाताना केडगाव लागतं. ओळखीतली मुलं ‘परदेशी जाऊन अनाथ मुलींसाठी, अपंग मुलांसाठी काम करू’ म्हणतात, तेव्हा मला हे गाव आठवतं.

१८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना मायेने सांभाळणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि ते मनात राहिलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, अमेरिकेतल्या मदतीवर. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. मदतीसोबत काय काय येतं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. मुलगी मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. १८९८ मध्ये अमेरिकेच्या मिनी एब्रम्स मदतीला आल्या, पण त्याआधी दहा-अकरा वर्षं त्या मुंबईत काम करत होत्या.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: जरूर जा. पण पंधरा दिवसांत लळा लावून परत फिरलात, तर त्या पोरांना आणखी एक माणूस सोडून जातं. आधी त्यांची भाषा शिका, मग राहा.