वेल्बी कमिशनपुढील साक्ष (१८९७) : सरकारी खर्च आणि करदात्यांचे म्हणणे

प्रास्ताविक

हिंदुस्थान सरकारचे पहिले अंदाजपत्रक जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये मांडले आणि त्याच वर्षी प्राप्तिकरही प्रथमच लागू झाला. १८५७ च्या उठावामुळे तिजोरीत पडलेला खड्डा भरून काढणे हा त्यामागील हेतू होता. हा कर ज्यांनी द्यावयाचा, त्यांना मात्र अंदाजपत्रकाविषयी अधिकृतपणे काही बोलण्याची सोय नव्हती. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदे कौन्सिलात अर्थविषयक चर्चा व्हावयाची ती नवा कर बसवावयाचा असेल तरच. १८९२ च्या सुधारित कायद्याने वार्षिक जमाखर्चावर भाषण करण्याची मुभा सभासदांना दिली. एखाद्या रकमेवर मत देण्याचा अथवा ती कमी करा अशी उपसूचना मांडण्याचा अधिकार दिला नाही. लंडनच्या पार्लमेंटात हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा अधिवेशनाच्या अगदी अखेरीस, बहुतेक रिकाम्या बाकांपुढे उरकली जात असे.

अशा परिस्थितीत हिंदी करदात्यांना आपले म्हणणे सांगण्यासाठी दोनच मार्ग उरले होते. एक अर्जाचा आणि दुसरा चौकशी समितीपुढील साक्षीचा. या दुसऱ्या मार्गाचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणजे हिंदी खर्चाच्या चौकशीसाठी मे १८९५ मध्ये नेमलेले रॉयल कमिशन. लॉर्ड वेल्बी हे त्याचे अध्यक्ष असल्यामुळे ते वेल्बी कमिशन या नावाने ओळखले जाते. या कमिशनपुढे १८९७ मध्ये झालेल्या हिंदी साक्षींचे, विशेषतः गोपाळ कृष्ण गोखले यांच्या साक्षीचे, गौरवपूर्ण उल्लेख चरित्रग्रंथांतून आढळतात. तथापि त्याच वर्षी पुणे आणि कोकण येथे घडलेल्या घटनांपासून ती साक्ष वेगळी काढून पाहिल्यास तिचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

साक्षीची पूर्वपीठिका

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे सहा हजार सह्या होत्या. निवडणुकीचा हक्क नसलेल्या समाजाने प्रतिनिधित्वाचा दाखला कागदावर उभा करण्याची ही युक्ती होती. सरकारने ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे विचारले तर उत्तर तयार असावे, एवढाच तिचा व्यावहारिक अर्थ.

या सभेच्या त्रैमासिकातून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारी जमाखर्चाची चिकित्सा वर्षानुवर्षे केली. जोशी सरकारी शिक्षणखात्यात नोकरीस होते व सोलापूरच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून त्यांची ओळख होती. सरकारी अहवालांतील आकडे जमवून त्यांची वर्षवार मांडणी करणे, ते तपासणे आणि त्यांतून निष्कर्ष काढणे या कामात त्यांचा हात धरणारा त्या काळी विरळाच. गोखल्यांच्या साक्षीचा पाया जोशी आणि रानडे यांनीच घातला. परंतु रानडे १८९३ पासून उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, तर जोशी सरकारी शिक्षक. या दोघांपैकी कोणालाही सरकारच्या खर्चावर टीका करण्यासाठी साक्षीदाराच्या खुर्चीत बसणे सोयीचे नव्हते. लोकांनी चालविलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापकाला ते शक्य होते. गोखले पुढे आले त्यामागे त्यांची बुद्धिमत्ता होतीच. पण पगार कोणाकडून मिळतो हा साधा प्रश्नही त्यामागे होता, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान १८९५ मध्ये सार्वजनिक सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली आणि १८९६ मध्ये रानड्यांच्या पुढाकाराने डेक्कन सभा निघाली. गोखले लंडनला गेले ते या नव्या सभेचे प्रतिनिधी म्हणून. मुंबईच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनतर्फे दिनशा एदलजी वाच्छा, बंगालमधून सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासहून जी. सुब्रह्मण्य अय्यर असे एकूण चार साक्षीदार हिंदुस्थानातून गेले. कमिशनच्या सभासदांत दादाभाई नौरोजी हे एकमेव हिंदी होते. त्यांच्या बाजूने विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन हे दोघे होते. बाकीचे बहुतेक सभासद ट्रेझरी, लष्कर अथवा हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत आयुष्य घालविलेले होते. त्यांपैकी सर जेम्स पाइल यांनी तर मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालकपद भूषविलेले होते. इलाख्याविषयी एखादा सैल आकडा ओठांतून निसटला तर तो तिथल्या तिथे पकडला जाणार, हे उघड होते.

साक्षीत काय मांडले गेले

प्रवासात कॅले येथे गोखल्यांच्या छातीला जबर मार बसला होता. त्यांनी तो काही दिवस कोणाला सांगितला नाही. १२ व १३ एप्रिल १८९७ रोजी त्यांची साक्ष झाली तेव्हा त्यांना एकतिसावे वर्ष चालू होते.

साक्षीचे तीन भाग होते : खर्चावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा, खर्चाची वाढ, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील खर्चाची वाटणी. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या भागातील आकडेवारीची चर्चा अधिक झाली, आणि ते स्वाभाविक होते. रुपयाचा भाव १८७० च्या दशकाच्या आरंभी दोन शिलिंगांच्या जवळपास होता; १८९४-९५ पर्यंत तो सुमारे तेरा पेन्सांवर आला. त्यामुळे लंडनमध्ये सोन्यात द्यावयाचा विलायती खर्च रुपयांत फुगत गेला. १८८५ मध्ये रशियाच्या भीतीने सैन्य सुमारे तीस हजारांनी वाढविण्यात आले आणि पाठोपाठ उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. या सर्वांची भरपाई १८८६ चा प्राप्तिकर आणि १८८८ मध्ये दर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेलेला मिठाचा कर यांतून करण्यात आली. मीठ श्रीमंताला लागते तितकेच गरिबालाही लागते. म्हणून या वाढीचा भार कोणावर पडला हे सांगण्यास वेगळ्या आकड्यांची गरज नव्हती.

गोखल्यांचे म्हणणे असे, की हिंदी लोकांचे हित तीन गोष्टींपुढे सतत गौण ठरविले जाते : आशियातील ब्रिटिश सत्तेचा विस्तार, युरोपियन नोकरवर्गाचे हित, आणि इंग्लिश व्यापारी व भांडवलदार यांचे हित. यांतील प्रत्येकाचे उदाहरण अंदाजपत्रकातच सापडत होते. सैन्य आणि ब्रह्मदेश हे पहिल्याचे. रुपया उतरल्यामुळे युरोपियन अधिकाऱ्यांना १८९३ पासून देण्यात आलेला नुकसानभरपाई भत्ता हे दुसऱ्याचे. तिसऱ्याचे उदाहरण रेल्वे. कंपन्यांना व्याजाची हमी देऊन बांधलेली ही रेल्वे १९०० च्या सुमारापर्यंत सरकारी तिजोरीला एकंदरीने तोट्याचीच ठरली. तरीही तिचा विस्तार अखंड चालू राहिला आणि प्राथमिक शाळांसाठी मात्र पैसा नसे.

शाळांना पैसा का नसे, याचे उत्तर प्रांतिक जमाखर्चाच्या रचनेत होते. साक्षीचा हा भाग आज फारसा वाचला जात नाही. वस्तुतः तो सर्वांत मर्मग्राही आहे. लॉर्ड मेयो यांच्या १८७० च्या योजनेने शिक्षण, वैद्यकीय मदत, रस्ते, पोलीस, तुरुंग ही खाती प्रांतांकडे दिली. १८८२ पासून दर पाच वर्षांनी वरिष्ठ सरकार व प्रांत यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीचा करार होऊ लागला. करार संपला, की प्रांताच्या उत्पन्नात झालेली वाढ वरिष्ठ सरकार पुन्हा आपल्याकडे ओढून घेई. काटकसर करून शिल्लक राखणाऱ्या प्रांताला त्या शिल्लकीचा भरवसा नाही, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे लष्कराचा वाढता खर्च भागविला जात होता तो अंशतः मुंबई इलाख्यातील गावच्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या पैशाने. सैन्य आणि शाळा हे दोन विषय वेगवेगळ्या जमाखर्चांत असल्यामुळे हा संबंध सहजासहजी दिसत नसे. तो दाखवून देणे हेच या साक्षीचे मोठे काम मानावे लागते.

मात्र खरी मागणी पहिल्या भागात होती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रक बाबवार मंजुरीसाठी यावे, बिगरसरकारी सभासदांना उपसूचना मांडता याव्यात, सरकारी बहुमत कायम ठेवूनही बिगरसरकारी सभासदांच्या बहुमताचा विरोध असेल तर तो कॉमन्स सभेच्या एका नियंत्रण समितीपुढे नेता यावा, अशी तिची रूपरेषा होती. खर्च जास्त आहे ही तक्रार आणि खर्च ठरविताना आम्हाला विचारा ही मागणी यांतील अंतर मोठे आहे. पहिली मान्य करून थोडे पैसे परत देता येतात. दुसरी मान्य केली तर सत्तेचाच वाटा द्यावा लागतो.

त्याच वर्षीचे दुसरे आवाज

लंडनला ही तयारी चालू असता इकडे १८९६-९७ चा दुष्काळ पडलेला होता. सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी ठाणे, कुलाबा आदी जिल्ह्यांत सभा घेऊन सरकारच्या स्वतःच्याच फॅमिन कोडातील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून सांगितल्या. पीक बुडाले असेल तर शेतसाऱ्याची सूट अथवा तहकुबी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, असे त्या सभांचे सांगणे होते. हेही सरकारी जमाखर्चाविषयीच बोलणे होते. फक्त ते सारा भरणाऱ्याच्या दाराशी आणि त्याच्या भाषेत होते. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने ठराव करून सार्वजनिक धोरणासंबंधी सरकारला निवेदन करण्याचा सभेचा हक्क यापुढे मान्य केला जाणार नाही, असे जाहीर केले. मुखत्यारपत्रांच्या बळावर सत्तावीस वर्षे चाललेल्या संस्थेचा अर्ज स्वीकारणे सरकारने थांबविले ते नेमके गोखले लंडनच्या वाटेवर असण्याच्या सुमारास.

तिसरा आवाज पुण्यातील प्लेगग्रस्तांचा. घरझडतीच्या वेळी सैनिकांकडून स्त्रियांचा अपमान झाल्याची पत्रे गोखल्यांना इंग्लंडमध्ये आली आणि त्यांनी तो आरोप तेथील वृत्तपत्रातून जाहीरपणे केला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतरच्या दहशतीत, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला असता आणि नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध केले असता, या आरोपाचा पुरावा उघडपणे देण्यास कोणी पुढे येईना. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर स्वदेशात त्या वेळी झालेली टीका कडवट होती.

एकाच माणसाची ही दोन विधाने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एप्रिलमध्ये ते बोलले ते सरकारनेच छापलेल्या आकड्यांच्या आधाराने, त्यामुळे उलटतपासणीत ते टिकले आणि वेडरबर्न व केन यांनी त्यांची प्रशंसा केली. प्लेगविषयीच्या आरोपाला मात्र केवळ भोगलेल्यांचा अनुभव होता आणि तो सांगणाऱ्याला संरक्षण नव्हते. ज्या तक्रारीचा पुरावा सरकारी दप्तरात आहे तीच ऐकून घेतली जाणार, ही त्या काळच्या सुनावणीची अलिखित अट होती. गोखल्यांनी ती अट पाळली म्हणून त्यांना मवाळ म्हणून हिणविण्याचे कारण नाही. परंतु त्या अटीने किती जणांचे म्हणणे दाराबाहेर ठेवले, याचा हिशेब कोणत्याही निळ्या पुस्तकात मिळत नाही.

अहवाल आणि नंतर

कमिशनचा अंतिम अहवाल १९०० मध्ये आला. नेमणुकीपासून पाच वर्षे गेली होती आणि दरम्यान दुसरा मोठा दुष्काळ सुरू झालेला होता. बहुमताच्या अहवालाने इंडिया ऑफिसचा खर्च, एडनचा लष्करी खर्च, सैन्याच्या वाहतुकीचा खर्च अशा काही बाबींत ब्रिटिश तिजोरीने वाटा उचलावा अशी मर्यादित शिफारस केली. नियंत्रणाच्या यंत्रणेत मूलभूत बदल करण्याची गरज त्यास वाटली नाही. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले. थोडक्यात, वाटणीचा भाग अंशतः मान्य झाला आणि बाबवार मंजुरीचा भाग बाजूस ठेवला गेला.

तरीही ती मांडणी वाया गेली असे म्हणता येत नाही. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले त्यात तिचाच धागा होता. अंदाजपत्रकात शिल्लक दिसते ती देश संपन्न आहे म्हणून दिसत नाही, तर रुपयाचा भाव सावरल्यावरही अडचणीच्या काळातील कर तसेच ठेवले म्हणून दिसते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. मिठाचा कर १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये टप्प्याटप्प्याने दर मणी एक रुपयावर आला. प्राप्तिकराची मर्यादा १९०३ मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर नेण्यात आली. या सवलतींचे सर्व श्रेय एका भाषणाला देणे योग्य होणार नाही, कारण तिजोरीची स्थिती सुधारलेली होती. पण शिल्लक असेल तर ती कोणाला परत करावयाची, हा प्रश्न आता दरवर्षी विचारला जाऊ लागला होता.

१९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची सोय केली, मात्र असा ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. या सोयीचा गोखल्यांनी शिक्षणासाठी भरपूर उपयोग केला. त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१९ च्या कायद्याने काही बाबींवर प्रत्यक्ष मतदानाचा हक्क दिला तेव्हा गोखले हयात नव्हते. त्या कायद्यात, आणि १९३५ च्या कायद्यातही, लष्करी खर्च मतदानाच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आला होता.