मुलाखतीत इंग्रजी बोलताना 'हॅव', 'सिन्स' आणि 'डिड' इथंच गडबड होते. हे एकदा समजून घ्या

नसरापूर : भोर-वेल्ह्याची पोरं-पोरी बारावी, आयटीआय झाली की शिरवळ, खेड शिवापूरच्या कंपन्यांत मुलाखतीला जातात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळं शब्द बऱ्याच जणांना येतात. अडतं ते वाक्य जुळवताना. कारण आपण मनात मराठी वाक्य करतो आणि तसंच्या तसं इंग्रजीत टाकतो. त्यातल्या तीन चुका नेहमीच्या आहेत.

१) साल सांगितलं की 'हॅव' नको
'मी २०२२ ला बारावी पास झालो आहे' हे मराठीत चालतं. म्हणून आपण म्हणतो, 'आय हॅव पास्ड ट्वेल्थ इन २०२२.' हे चूक. काल, मागच्या वर्षी, २०२२ ला अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ वापरा : 'आय पास्ड ट्वेल्थ इन २०२२.' वेळ सांगितली नाही, तर 'आय हॅव पास्ड ट्वेल्थ' बरोबर.

२) 'पासून' म्हणजे दर वेळी 'सिन्स' नाही
आपल्याकडं 'दोन वर्षांपासून' आणि '२०२३ पासून' दोन्हीकडं 'पासून'च. इंग्रजीत शब्द दोन आहेत. किती काळ ते सांगायला 'फॉर' : फॉर टू इयर्स. कधीपासून ते सांगायला 'सिन्स' : सिन्स २०२३. म्हणून 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' चूक; 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' बरोबर.
पण इथं लक्ष द्या. 'हॅव बीन वर्किंग' म्हणजे काम अजून चालू आहे. ते काम सोडलं असेल तर 'आय वर्क्ड फॉर टू इयर्स' म्हणा. नाहीतर समोरच्याचा गैरसमज होतो.

३) 'डिड' आला की क्रियापद मूळ रूपात
'मी गेलो नाही' याचं आपण 'आय डिड नॉट वेन्ट' करतो. भूतकाळ 'डिड'नं दाखवला, तो दुसऱ्यांदा दाखवायचा नाही. 'आय डिड नॉट गो.' प्रश्नही तसाच : 'डिड यू गो?'

मुलाखतीत पहिल्यांदा स्वतःबद्दलच विचारतात. मी स्वतः तरुणपणी तिथंच अडखळलो होतो. म्हणून शिक्षण, अनुभव, सध्याचं काम, अशी आपली तीन वाक्यं खऱ्या सालासह वहीत लिहा आणि रोज मोठ्यानं म्हणा. बोलताना चुकलंच तर गप्प बसू नका, वाक्य पुन्हा म्हणा.