क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसील संसर्ग

प्रतिजैविकांमुळे आतड्यातील नेहमीचे जीवाणू घटल्यावर मोठ्या आतड्यात होणारा, जुलाब हे मुख्य लक्षण असलेला रोग. याचा कारक जीवाणू १९३५ मध्ये हॉल व ओटूल यांना नवजात बालकांच्या मळात आढळला. रोगाशी त्याचा संबंध १९७८ मध्ये स्पष्ट झाला. तो ऑक्सिजनविरहित जागी वाढतो व बीजाणू तयार करतो. निरोगी आतड्यातील काही जीवाणू यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे रूपांतर करतात (पहा : पित्त) आणि ही रूपांतरित आम्ले त्याची वाढ रोखतात. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिने इत्यादींनी हे संरक्षक जीवाणू मेले की बीजाणू रुजतात आणि जीवाणूची विषे आतड्याच्या अस्तराला इजा करतात. पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा व ताप येतो; तीव्र विकारात अस्तरावर पिवळट पापुद्रे दिसतात. शक्य असल्यास मूळ प्रतिजैविक थांबवून फिडाक्सोमायसिन किंवा व्हँकोमायसिन तोंडावाटे देतात. व्हँकोमायसिन आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, त्यामुळे ते जागेवरच काम करते. शिरेतून दिल्यास मात्र ते आतड्याच्या पोकळीत फारसे पोहोचत नाही, म्हणून या रोगात उपयोग होत नाही. रोग वारंवार उलटल्यास निरोगी दात्याच्या मळातील जीवाणूंचे रोपण करतात. अल्कोहोलयुक्त द्रवाने बीजाणू मरत नाहीत. म्हणून रुग्णसेवेनंतर हात साबण व पाण्यानेच धुवावे लागतात. (पहा : अतिसार, प्रतिजैविके).