माशीचा गळ आणि पहिले पाठ्यपुस्तक

लोकर आणि पिसे गळाला बांधून पाण्यावर उडणाऱ्या माशीची नक्कल करायची आणि त्या नकलेने मासा फसवायचा, ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोकांच्या अशा गळाचे वर्णन करून ठेवले आहे : तांबडी लोकर आणि मेणाच्या रंगाची कोंबड्याची दोन पिसे. परंतु छंद म्हणून ही विद्या शिकू पाहणाऱ्याला हाताशी धरणारे पहिले छापील इंग्रजी पुस्तक आले ते १४९६ साली. विंकिन डी वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'ची दुसरी आवृत्ती काढली, तीत ससाणे, शिकार आणि कुलचिन्हे यांच्या जोडीला मासेमारीवरचा हा प्रबंध नव्याने घातला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीचा म्हणून शतकानुशतके सांगितला गेला. त्याला भक्कम आधार मात्र नाही.

या पुस्तकातला नवशिक्या दुकानात जात नाही, कारण जावे असे दुकानच नाही. काठीसाठी लाकूड त्याने हिवाळ्यात तोडायचे, वाळवायचे, तापल्या सळईने आतून पोखरायचे. दोरीसाठी घोड्याच्या शेपटीचे केस वळायचे : लहानग्या माशाला एक केस पुरे, ट्राउटला नऊ, सामन माशाला पंधरा. गळ करायचा तो सुईचा. कोळशाच्या विस्तवात ती लालबुंद करून, उलटा दात काढून, वाकवून पुन्हा पाणी द्यायचे. मग बारा माश्या, महिन्यांच्या क्रमाने, कोणाचे अंग कोणत्या लोकरीचे आणि पंख कोणत्या पाखराचे यासह. (आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातही थोड्याफार फरकाने हीच यादी आहे. पाठ्यपुस्तकांची ही खोड आपल्यालाही अनोळखी नाही.)

काठीबद्दल एक गमतीची गोष्ट लेखक सांगतो. वरची बारीक काठी पोकळ दांड्यात सरकवली की हातात उरते ती साधी चालायची काठी. आपण कशासाठी निघालो आहोत हे वाटेत कोणालाही कळत नाही. शिकवणाऱ्याने पहिल्याच धड्यात लपवणेही शिकवावे, हे मला फार बोलके वाटते. कारण शेवटी तो स्वतःही तेच करतो. हा मजकूर वेगळ्या लहान चोपडीच्या रूपाने छापला असता तर रिकामटेकड्यांना तो स्वस्तात मिळाला असता. म्हणून तो सरदार-मानकऱ्यांच्या मोठ्या ग्रंथात समाविष्ट केला, असे प्रबंधाच्या अखेरीस उघडच म्हटले आहे. मुद्रणकला इंग्लंडात येऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती. ती काय करू शकते हे ओळखून एका मुद्रित पुस्तकानेच तिला घातलेला हा अडसर आहे.

याला निव्वळ वर्गाभिमान म्हणून मोडीत काढणे सोपे आहे आणि ते बव्हंशी खरेही ठरेल. पण त्याच पानांवर लेखक बजावतो, की गरिबाच्या हक्काच्या पाण्यात त्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नये, कुंपणे मोडू नयेत, उघडलेले फाटक लावून घ्यावे, हाव धरून मासे उपसू नयेत. नदी रिती होईल ही भीती त्याला खरोखरच होती. रिती करणारे हात कोणाचे, याविषयीची त्याची कल्पना मात्र त्याच्या काळाची होती. सोळाव्या शतकातच प्रबंध स्वतंत्रपणे निघाला, आणि अडसर तेवढ्यापुरता निघाला.

मग तो नदीकाठी आला. १६७६ साली वॉल्टनच्या ग्रंथाला जोडलेल्या भागात चार्ल्स कॉटन एका वाटसरूला डव्ह नदीवर माशी बांधायला आणि टाकायला शिकवतो. इतका अगत्यशील गुरू क्वचितच भेटेल. परंतु पाठ घडतो तो कॉटनच्या मालकीच्या काठावर, १६७४ साली त्याने बांधलेल्या दगडी मासेघराजवळ. पुढे कर्जापायी त्याला ती मालमत्ता विकावी लागली.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण इंग्लंडातल्या चुनखडी प्रदेशातील नितळ नद्यांचे पट्टे मंडळांनी भाड्याने घेतले. काठावर कोण येणार हे पैशाने ठरू लागले, तेव्हा आलेल्याने कसे वागावे याचा कायदा पुस्तकांनी केला. फ्रेडरिक हॅलफोर्डने १८८६ आणि १८८९ साली तरंगत्या माशीचे शास्त्र मांडले. अनुयायांनी त्याचा धर्म केला. पृष्ठावर येऊन खाणारा मासा दिसला, तरच त्याच्यापुढे तरंगती माशी टाकायची. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने इचेन नदीवर पाहिले ते वेगळेच : ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखाली, पंख न फुटलेल्या किड्यांच्या रूपात खातो. १९१० साली त्याने बुडत्या माशीची बाजू मांडली. निरीक्षण अचूक होते, तरी ते अशिष्ट ठरले. १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वाद झाला, तेव्हा स्क्यूज एकोणऐंशी वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने विंचेस्टरजवळचे, अर्ध्या शतकाहून अधिक काळ आपले मानलेले पाणी सोडले.